मिंधेपणातून वाढलेला मत्सर : बाल्झाकची ‘ला कुझीन बेत’

बहिणीबहिणींमधल्या मत्सरावरची फ्रेंच मानसशास्त्रीय थरारकथा वाचण्याची इच्छा असणाऱ्या वाचकाने अलीकडच्या कोणत्याही पुस्तकाआधी एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कादंबरीकार ओनोरे द बाल्झाक याची ‘ला कुझीन बेत’ (म्हणजे ‘चुलत बहीण बेत’) ही कादंबरी वाचावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ८ ऑक्टोबर ते ३ डिसेंबर १८४६ या काळात ‘ल कॉन्स्तित्युस्योनेल’ या पॅरिसच्या दैनिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. बाल्झाक त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि वृत्तपत्रांतून क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांच्या क्षेत्रात उझेन स्यूसारख्या लेखकांनी त्याला मागे टाकले होते. उद्याचा अंक वाचकाने विकत घेतलाच पाहिजे, या गरजेतून लिहिलेली ही कथा आहे. त्यामुळे तिच्यात रहस्यकथेची ओढ आहे, आणि लिहिणारा बाल्झाक असल्यामुळे त्या ओढीच्या तळाशी माणसाच्या मनाची अशी चिकित्सा आहे की पुस्तक मिटल्यावरही आपल्या ओळखीच्या घरांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

कथेची मुळे पॅरिसपासून दूर, लोरेन प्रांताच्या सीमेवर, व्होज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यात आहेत. फिशर या शेतकरी कुटुंबात अ‍ॅदलीन आणि लिस्बेत (शीर्षकातली ‘बेत’ ती हीच) या दोन चुलत बहिणी एकत्र वाढल्या. अ‍ॅदलीन असामान्य सुंदर होती. तिच्याहून पाच वर्षांनी लहान असलेली लिस्बेत काळीसावळी, काटकुळी, जुळलेल्या जाड भुवयांची आणि लांब हातांची होती. घराने मग जे केले ते पुष्कळ घरे करतात. सुंदर मुलीला जपले, तिला उन्हातान्हात पाठवले नाही, आणि दुसरीला शेतात राबवले. एके दिवशी अ‍ॅदलीन एकटी सापडली तेव्हा लिस्बेतने तिचे ते सुरेख, ग्रीक शिल्पासारखे नाक उपटून काढण्याचा प्रयत्न केला. तिला मार मिळाला, पण त्यानंतरही ती संधी मिळेल तेव्हा बहिणीचे कपडे फाडत राहिली. बाल्झाकने हा प्रसंग अवघ्या काही ओळींत सांगितला आहे आणि पुढच्या चारपाचशे पानांत जे घडते ते सगळे त्या ओळींत बीजरूपाने आहे. मोठेपणी लिस्बेत नाकाला हात लावत नाही. ती घर, पैसा, नवरा, जावई आणि अब्रू यांना हात घालते.

नेपोलियनच्या सैन्याच्या पुरवठा खात्यातील बडा अधिकारी एक्तॉर ह्यूलो अ‍ॅदलीनच्या रूपावर भाळून तिच्याशी लग्न करतो. शेतकऱ्याची मुलगी पुढे बॅरनची पत्नी म्हणून मिरवते, आणि गावाकडच्या बहिणीची आठवण ठेवून तिला पॅरिसला बोलावून घेते. लिस्बेत तेथे जरीकाम शिकते. सम्राटाच्या दरबाराचे गणवेश भरून देणाऱ्या एका कारखान्यात ती कलाबतूचे गोंडे, फिती आणि सोन्याचांदीच्या तारांचे कशिदे करते, लिहिणे-वाचणे आणि हिशेब शिकते, आणि काही वर्षांत मुख्य कारागीर होते. ही बाई बुद्धिमान आहे, कष्टाळू आहे आणि स्वतःच्या पायांवर उभी राहण्याची कुवत तिच्यात आहे, हे बाल्झाक आवर्जून नोंदवतो. पण साम्राज्य कोसळते, गणवेशांची मागणी आटते, आणि धास्तावलेली लिस्बेत धंद्याची मालकीण होण्याची संधी नाकारून पुन्हा साधी कामकरीण होते. त्यानंतर ती ह्यूलो कुटुंबाची आश्रित नातेवाईक बनते. आठवड्याच्या कोणत्या वारी कोणत्या घरी जेवायचे हे ठरलेले असते. तिला जुने कपडे मिळतात, टोपणनाव मिळते (बॅरन तिला ‘शेळी’ म्हणतो), आणि थट्टा सहन करण्याच्या बदल्यात ताटात वाढून मिळते.

या भागातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. बहीण किंवा भाची तिला चांगला पोशाख किंवा नवी टोपी देते, तेव्हा लिस्बेत ती वस्तू घरी नेऊन स्वतःच्या हाताने उसवते आणि आपल्या जुनाट आवडीप्रमाणे पुन्हा शिवून पार बिघडवून टाकते. घरची मंडळी हसतात आणि तिला विक्षिप्त ठरवतात. परंतु ज्याने कधी दुसऱ्याच्या उतरलेल्या कपड्यांत दिवस काढले आहेत, त्याला तिची ती कृती लगेच कळेल. देणाऱ्याच्या हातचे तसेच अंगावर घालणे म्हणजे देणाऱ्याचा विजय मान्य करणे. दिलेली वस्तू बिघडवून मगच अंगात घालणे, एवढाच प्रतिकार तिच्या हाती उरलेला असतो. मत्सराचे असे घरगुती, रोजच्या वापरातले रूप मी इतर कोणत्याही कादंबरीत इतक्या अचूकपणे पाहिलेले नाही.

कादंबरीचा वर्तमानकाळ १८३८ च्या जुलैमध्ये सुरू होतो. लिस्बेत तेव्हा चाळिशी ओलांडलेली, अविवाहित स्त्री आहे आणि लूव्रच्या राजवाड्याशेजारच्या रु द्यु द्वायने या पडक्या, कोंदट गल्लीत राहते. तिच्या वरच्या माळ्यावर व्हेन्सेस्लास स्टाइनबॉक हा निर्वासित पोलिश सरदारपुत्र उपाशीपोटी राहतो आणि कोळशाच्या धुराने जीव देण्याचा प्रयत्न करतो. लिस्बेत त्याला वाचवते, त्याच्यावर स्वतःची साठवलेली पुंजी खर्च करते, त्याला धातूच्या नक्षीकामाला लावते आणि कडक शिस्तीत ठेवते. हे नाते आई-मुलाचे आहे, प्रेयसी-प्रियकराचे आहे की मालकीण-गुलामाचे, हे तिला स्वतःलाही उलगडत नाही. बाल्झाकही ते एका नावात कोंबत नाही, हा त्याचा मोठेपणा. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याजवळ असे काही आहे जे अ‍ॅदलीनकडून आलेले नाही.

याच टप्प्यावर शालीचा प्रसंग येतो. बॅरनने १८०८ मध्ये पत्नीला दिलेली पिवळी काश्मिरी शाल पुढे १८३० मध्ये आईकडून मुलीकडे, म्हणजे ओर्तांसकडे, आलेली असते, आणि लिस्बेतचे मन त्या शालीवर कित्येक वर्षांपासून असते. ओर्तांस थट्टेने म्हणते की तुझा प्रियकर खरोखर असल्याचा पुरावा आणलास तर शाल तुझी. लिस्बेत श्रद्धा, आशा आणि करुणा यांच्या आकृत्या कोरलेली, व्हेन्सेस्लासच्या हातची चांदीची मुद्रा आणून दाखवते आणि शाल घरी नेते. बहिणीकडची एक वस्तू अखेर तिला मिळते. पण त्या मुद्रेमुळे ओर्तांसच्या मनात तो कलावंत भरतो, ती त्याला शोधून काढते, आणि तिचे आईवडील लिस्बेतला काही न सांगता त्याच्याशी मुलीचे लग्न ठरवतात. इतका साधा, हसतखेळत झालेला सौदा आणि त्याचा इतका भयंकर परिणाम! रहस्यकथा लिहू इच्छिणाऱ्याने कथानकाची चूल कशी पेटवावी हे या प्रकरणावरून शिकावे.

लिस्बेतला ही बातमी तिच्याच इमारतीत राहणाऱ्या व्हालेरी मार्नेफकडून कळते. तो संतापाचा प्रसंग कादंबरीचा कळस आहे, आणि तो अर्ध्या वाटेच्याही आधी येऊन जातो. तिचे डोळे वाघासारखे एका जागी खिळतात, आत लागलेल्या आगीचा धूर सुरकुत्यांच्या भेगांतून बाहेर पडत असावा असा तिचा चेहरा होतो. अ‍ॅदलीनला उद्देशून ती म्हणते की याची भरपाई तुला करावी लागेल, मी तुला माझ्याहून कुरूप करून सोडीन. वाचताना लक्षात घ्यावे की प्रियकर नेला ओर्तांसने आणि शिक्षा ठरली ती अ‍ॅदलीनला. चाळीस वर्षांनीही तिच्यासमोर तीच एक मुलगी उभी आहे, जिला उन्हात पाठवले जात नसे. लागलीच ती पहिले पाऊल उचलते. व्हेन्सेस्लासला दिलेल्या पैशांचे कागद तिने व्यापारी कायद्याप्रमाणे लिहून घेतलेले असतात आणि त्यांच्या बळावर ती त्याला क्लिशीच्या कर्जदारांच्या तुरुंगात टाकते. मित्र पैसे भरून त्याला सोडवतात आणि लग्न होते. उघड हल्ला फसतो हे त्या घटनेतून तिच्या ध्यानात येते.

येथून पुढे कादंबरी खऱ्या अर्थाने थरारक होते आणि तिचे वेगळेपणही येथूनच सुरू होते. लिस्बेत कोणावर हात उगारत नाही, चढ्या आवाजात बोलत नाही, घर सोडून जात नाही. ती आणखी उपयोगी पडू लागते. घरातले सगळेच आपली गुपिते तिच्याजवळ बोलत आलेले असतात. बाल्झाक तिला कुटुंबाचे कबुलीघर म्हणतो आणि तिच्यासमोर बोललेले बाहेर जात नाही असा सर्वांचा विश्वास असतो. ती व्हालेरीशी गुप्त युती करते, म्हातारा रंगेल बॅरन ह्यूलो त्या बाईच्या जाळ्यात पूर्ण अडकेल अशी व्यवस्था करते, पुढे व्हेन्सेस्लासलाही त्याच वाटेवर आणून ओर्तांसचा संसार मोडते, आणि प्रत्येक तडाख्यानंतर अ‍ॅदलीनच्या उशाशी बसून तिचे डोळे पुसते. केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते येथे पानोपानी दिसते. अ‍ॅदलीन जितकी कंगाल होत जाते तितकी ती लिस्बेतवर अधिक अवलंबून राहते, तिचे आभार मानते, तिला घरची देवमाणूस समजते. आश्रिताची आणि आश्रयदात्रीची जागा हळूहळू बदलते, आणि हा बदल फक्त दोघांना ठाऊक असतो : लिस्बेतला आणि वाचकाला.

हीच या पुस्तकाची धार आहे. गुन्हेगार कोण हे पहिल्या शंभर पानांत कळते, म्हणून उत्कंठा त्या प्रश्नाची नसते. दर वेळी ती सांत्वनाला येते तेव्हा आता तरी कोणाच्या लक्षात येईल का, हा प्रश्न वाचकाचा श्वास रोखून धरतो. आपण तिच्या कटात सामील झालेलो असतो, कारण आपल्याला माहीत असलेले त्या घराला सांगता येत नाही. मला तर काही प्रकरणांत तिची योजना यशस्वी व्हावी असेही वाटले, आणि बाल्झाकने ते जाणूनबुजून घडवले आहे असा माझा विश्वास आहे. त्याने आधीची शंभर पाने तिचे अपमान इतक्या बारकाईने मोजले आहेत की तिचा सूड आपल्याला परका वाटत नाही. मत्सर हा फक्त दुष्ट माणसाचा विकार आहे, ही सोयीची समजूत तो शिल्लक ठेवत नाही. लहानपणी एका मुलीला पाण्यात पाहायला शिकवले गेले, तरुणपणी तिला उपकाराखाली दाबले गेले, आणि प्रौढपणी तिची एकमेव मिळकत तिला न विचारता उचलली गेली. उचलणाऱ्यांनी ती चोरी आहे असे मानलेही नाही, कारण लिस्बेतला स्वतःचे असे काही असू शकते हेच त्यांच्या कल्पनेत नव्हते.

म्हणूनच अ‍ॅदलीनबद्दल माझे मत बाल्झाकच्या अनेक वाचकांपेक्षा थोडे वेगळे आहे. लेखक तिला संतपदाला नेतो. ती नवऱ्याच्या सगळ्या भानगडी सहन करते, क्षमा करते, प्रार्थना करते आणि त्याची वाट पाहते. ती दयाळू आहे यात शंका नाही, पण तिच्या दयेला नजर नाही. बहिणीला जेवायला बोलावताना तिला ती दिसते, तिच्या मनात काय आहे ते मात्र कधी दिसत नाही. लहानपणी नाकावर झालेला हल्ला आठवून ती सुरुवातीला थोडी सावध असते, आणि दुःख बुद्धीला झाकते त्याप्रमाणे तीही सावधगिरी पुढे गळून पडते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून परसदाराच्या खोलीत आयुष्य काढलेल्या विधवा आत्या, मावश्या आणि दूरच्या बहिणी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या घराची रचना समजावून सांगावी लागणार नाही. कोणी त्यांना वाईट वागवले असे म्हणता येत नसे, आणि कोणी त्यांना काही विचारले असेही म्हणता येत नसे.

व्हालेरी मार्नेफबद्दल लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही, कारण मधल्या दीडदोनशे पानांवर तिचेच राज्य आहे. ती युद्धखात्यातल्या एका रोगट, नीतिशून्य कारकुनाची देखणी बायको आहे. एकाच वेळी ती बॅरन ह्यूलो, त्याचा व्याही आणि श्रीमंत निवृत्त अत्तरविक्रेता क्रव्हेल, ब्राझीलचा बॅरन मोन्तेस आणि व्हेन्सेस्लास यांना झुलवते. होणारे मूल आपलेच आहे अशी त्यांच्यापैकी प्रत्येकाची खात्री ती पटवून देते, तो भाग वाचताना बाल्झाकच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीच लागते. लिस्बेत आणि व्हालेरी यांची मैत्रीही फार बारकाईने रेखाटली आहे. एकीजवळ रूप आहे आणि दुसरीजवळ चिकाटी. लिस्बेत व्हालेरीवर खरोखर जीव लावते, तिच्या देखणेपणाचा तिला अभिमान वाटतो. ज्या गोष्टीसाठी ती अ‍ॅदलीनचा द्वेष करते, तीच गोष्ट येथे तिच्या मालकीची, तिच्या हातातले हत्यार असते. मात्र व्हालेरीच्या तेजापुढे लिस्बेत काही काळ मागच्या रांगेत जाते, आणि जिच्या नावाने कादंबरी आहे ती पन्नास-पन्नास पाने केवळ दारामागे उभी आहे असे वाटते. तो तोल ढळला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशाचा हिशेब हा या कादंबरीचा दुसरा कणा आहे. पहिल्याच प्रसंगात क्रव्हेल अ‍ॅदलीनच्या दिवाणखान्यात येतो, विटलेले पडदे आणि झिजलेले रेशीम नजरेने मोजतो, आणि तिने शरीर दिले तर ओर्तांसच्या हुंड्यासाठी दोन लाख फ्रँक देण्याची तयारी दाखवतो. ती बाणेदारपणे नकार देते. काही वर्षांनी ह्यूलोने अल्जीरियातील लष्करी पुरवठ्यात केलेली अफरातफर उघडकीस येण्याची वेळ येते, तिचा म्हातारा काका त्यात बळी जाणार असतो, आणि तीच अ‍ॅदलीन तेवढ्याच दोन लाखांसाठी, साजशृंगार करून, क्रव्हेलपुढे उभी राहते. आता नकार देण्याची पाळी त्याची असते. तिला मोहक हावभाव जमत नाहीत, ती मध्येच रडू लागते, आणि तो नीच माणूसही क्षणभर विरघळतो. लिस्बेत या प्रसंगात हजर नाही, पण बहिणीला आपल्याहून कुरूप करण्याची तिची शपथ येथे पुरी झालेली आहे. हे दोन प्रसंग एकापाठोपाठ पुन्हा वाचावेत. मधली सगळी पडझड त्या दोन चित्रांच्या अंतरात मावते.

लिस्बेतला केवळ विध्वंस नको आहे, तिला वर चढायचेही आहे. ह्यूलोचा थोरला भाऊ, बहिरा आणि निष्कलंक मार्शल, याच्याशी लग्न करून सगळ्या कुटुंबाच्या डोक्यावर बसायचे असा तिचा मनसुबा असतो, आणि त्याचे घर सांभाळत ती तिथवर जवळजवळ पोचते. परंतु तिनेच ज्या वाटेवर ढकलले त्या धाकट्या भावाची अफरातफर कळल्यावर तो मानी म्हातारा बदनामीच्या धक्क्याने मरतो. तिच्या सूडाने तिचेच सिंहासन मोडते. बाल्झाक यावर उपदेशाचे एक वाक्यही लिहीत नाही, घटना घडू देतो आणि पुढे जातो. त्या प्रकरणातला त्याचा संयम थोर आहे, कारण एरवी तो पानापानावर समाजाला चार शब्द सुनावायला थांबतो.

कादंबरीत खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. शेवटच्या भागात कथा घाईला येते. गुन्हेगारी जगतातली माणसे, सूडासाठी नेमलेली म्हातारी, आणि मोन्तेसने आणलेला ब्राझीलमधला गूढ, अंग सडवणारा रोग अशा उपायांनी व्हालेरी आणि क्रव्हेल यांचा निकाल लावला जातो. इतकी पाने मनाच्या सूक्ष्म हालचालींवर उभे असलेले नाट्य येथे एकदम भडक होते, आणि उद्याच्या अंकाची निकड स्पष्ट दिसते. शिवाय पोलिश माणसाचा स्वभाव असाच, ब्राझीलचा माणूस तसाच, ज्यू स्त्री अमुक प्रकारची, खेडवळ माणसाची बुद्धी तमुक प्रकारची, अशी सरसकट विधाने बाल्झाक निःसंकोच करत जातो. ती आज खटकतात आणि खटकलीच पाहिजेत. विशेष म्हणजे ती अनेकदा त्याच्या स्वतःच्याच पात्रांना लागू पडत नाहीत. ह्यूलोची पूर्वीची प्रेयसी असलेल्या जोसेफा या ज्यू गायिकेचे उदाहरण घ्यावे. लेखकाच्या टिपणीत ती हावरट आहे, आणि प्रत्यक्ष प्रसंगात, अ‍ॅदलीन नवऱ्याचा पत्ता विचारायला तिच्या दारी जाते तेव्हा, साऱ्या पुस्तकातील सर्वांत उमद्या माणसांपैकी एक ठरते. सुरुवातीची चाळीस-पन्नास पानेही नेटाने वाचावी लागतात, कारण नातेसंबंध, पदे आणि जुनी कर्जे यांची माहिती एकदम अंगावर येते. कागदावर एक वंशवृक्ष काढून ठेवल्यास ही अडचण लगेच सुटते.

ज्यांना शेवट आधी जाणून घ्यायचा नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. विस्कटलेले कुटुंब पुन्हा सावरते, क्रव्हेलचा पैसा लेकी-जावयाकडे येतो, परागंदा झालेला बॅरन परत आणला जातो, आणि हे सुख पाहणे लिस्बेतला सोसत नाही. ती छातीच्या विकाराने मरते. मरताना तिच्या पलंगाभोवती अ‍ॅदलीन, ओर्तांस, ह्यूलो, व्हेन्सेस्लास आणि मुले सगळी रडत असतात आणि घराचा देवदूत गेला म्हणून शोक करतात. त्यांना शेवटपर्यंत काही कळत नाही. हा तिचा विजय आहे की पराभव, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपण काय केले ते अ‍ॅदलीनला कळावे, ही सूडाची खरी मिळकत तिला मिळत नाही. आणि तरीही आयुष्यभर जे प्रेम तिला हवे होते ते त्या खोलीत, चुकीच्या कारणासाठी का होईना, पूर्ण मापाने मिळते. आधुनिक थरारकथेत शेवटच्या पानावर मुखवटा उतरवण्याची जवळजवळ सक्ती असते. बाल्झाकने तो उतरवला नाही आणि त्यामुळे हा शेवट कितीतरी अधिक अस्वस्थ करतो. त्यानंतरही ह्यूलोच्या स्वयंपाकघरातल्या मोलकरणीसंबंधीचा एक प्रसंग येतो, जो अ‍ॅदलीनच्या क्षमेचा उरलासुरला आधार काढून घेतो. तो येथे सांगत नाही.

१९७१ मध्ये बीबीसीने या कादंबरीवर पाच भागांची मालिका केली. तीत मार्गारेट टायझॅक लिस्बेत आणि हेलन मिरेन व्हालेरी आहे. १९९८ च्या इंग्रजी चित्रपटात जेसिका लँगने मुख्य भूमिका केली, परंतु त्यात अ‍ॅदलीन आरंभीच मरते आणि लिस्बेतची निराशा बॅरनने तिच्याशी लग्न न करण्याभोवती फिरते. जिचा मत्सर करायचा ती बहीणच काढून टाकल्यावर उरते ती हुशारीने रचलेली सूडकथा, आणि तशा पुष्कळ आहेत. चित्रपट पाहून कादंबरी कळली असे कोणी समजू नये.

फ्रेंच न येणाऱ्या मराठी वाचकासाठी इंग्रजी अनुवादांचा मार्ग सोपा आहे. पेंग्विन क्लासिक्समधील मॅरियन एटन क्रॉफर्ड यांचा १९६५ चा अनुवाद आणि ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समधील सिल्व्हिया राफाएल यांचा १९९२ चा अनुवाद, दोन्ही विश्वासाने घ्यावेत असे आहेत. पहिल्यात संवादांची फेक जास्त चांगली साधली आहे आणि दुसरा अधिक सरळ, आजच्या वाचकाला चटकन कळणारा आहे. जेम्स वेअरिंग यांचा जुना अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य मिळतो. त्याची भाषा जडशीळ असली तरी पुस्तक आवडते की नाही हे पाहण्यासाठी त्यातील पहिली काही प्रकरणे पुरेशी आहेत. कोणतीही आवृत्ती घेतली तरी अभ्यासकाची प्रस्तावना शेवटी वाचावी, कारण अशा प्रस्तावनांतून कथानक आधीच उघड होण्याची शक्यता असते. आणि वाचनाला सुरुवात केल्यावर निदान शालीच्या सौद्यापर्यंत तरी पुस्तक खाली ठेवू नये. त्यानंतर ते खाली ठेवणे वाचकाच्या हाती राहत नाही.